पूर्णांकाची मर्यादा आणि आज्ञावलीची वहनीयता : कापरेकर संख्यांच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :
गणितातील पूर्णांकांना अंत नाही; संगणकाच्या स्मृतीत मात्र पूर्णांकाला बहुधा ठरावीक बिट्सचीच जागा मिळते. ही जागा किती असावी, हे काही भाषांमध्ये भाषाच ठरवते, तर काहींमध्ये कंपायलर ठरवतो. त्यामुळे एकच आज्ञावली दोन ठिकाणी दोन भिन्न उत्तरे देऊ शकते. देवळाली येथे अध्यापन केलेले गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

कापरेकर संख्येची कसोटी :
ज्या संख्येच्या वर्गाचे डावा व उजवा असे दोन भाग पाडून बेरीज केली असता मूळ संख्याच मिळते, तिला कापरेकर संख्या म्हणतात. उदाहरणार्थ, ४५ चा वर्ग २०२५; २० आणि २५ यांची बेरीज ४५. तसेच २९७ चा वर्ग ८८,२०९; ८८ आणि २०९ यांची बेरीज २९७.

ही कसोटी सी भाषेत लिहिणे सोपे आहे. मात्र अनेक महाविद्यालयीन प्रयोगशाळांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या टर्बो सी या कंपायलरमध्ये ‘इंट’ हा प्रकार १६ बिट्सचा असून त्याची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. ८८,२०९ ही संख्या त्यात मावत नाही. ६५,५३६ वजा होऊन २२,६७३ उरतात. २२ आणि ६७३ यांची बेरीज ६९५ येते आणि २९७ ही कापरेकर संख्या नाही, असे उत्तर मिळते. त्रुटीचा संदेश येत नाही. ऋण चिन्हही दिसत नाही. तर्क अचूक असूनही विद्यार्थी चुकीचा निष्कर्ष वहीत उतरवतो.

‘इंट’ ३२ बिट्सचा असलेल्या कंपायलरवर हेच उत्तर बरोबर येते. परंतु तेथेही २,१४,७४,८३,६४७ ही मर्यादा आहेच. ७७,७७८ ही कापरेकर संख्या असून तिचा वर्ग ६,०४,९४,१७,२८४ आहे. तो या मर्यादेपलीकडे जातो आणि पूर्वीचीच चूक पुन्हा घडते.

भाषांची भिन्न धोरणे :
सी भाषेच्या १९८९ च्या मानकाने ‘इंट’साठी केवळ किमान व्याप्ती बंधनकारक केली, ती १६ बिट्समध्ये मावते. चिन्हयुक्त पूर्णांकाने मर्यादा ओलांडल्यास काय व्हावे, हे मानकाने निश्चित केलेले नाही. ‘लाँग’ वापरणे हाही पूर्ण उपाय नव्हे; ६४ बिट्सच्या विंडोजवर तो सामान्यतः ३२ बिट्सचा, तर ६४ बिट्सच्या लिनक्सवर ६४ बिट्सचा असतो. जावामध्ये ‘इंट’ सर्वत्र ३२ बिट्सचाच असतो. त्यामुळे उत्तर सर्वत्र सारखे येते, पण ७७,७७८ बाबत ते सर्वत्र सारखेच चुकीचे असते. पायथॉनमध्ये पूर्णांक उपलब्ध स्मृतीनुसार वाढतो. म्हणजेच वहनीयता आणि अचूकता हे दोन स्वतंत्र गुण आहेत.

अध्यापनासाठी सूचना :
सी भाषेच्या १९९९ च्या मानकातील निश्चित आकाराचे प्रकार, उदाहरणार्थ ६४ बिट्सचा पूर्णांक, वापरावेत. गुणाकारापूर्वीच प्रकार बदलावा. ‘इंट’मधील गुणाकार मोठ्या चलात साठवला तरी चूक आधीच घडलेली असते. चाचणीसाठी १८१ व १८२, तसेच ४६,३४० व ४६,३४१ या सीमेवरील जोड्या घ्याव्यात. प्रत्येक जोडीतील पहिल्या संख्येचा वर्ग अनुक्रमे १६ व ३२ बिट्समध्ये मावतो, दुसरीचा मावत नाही.

निष्कर्ष :
४५ साठी बरोबर चालणारी आज्ञावली २९७ साठी चुकू शकते. म्हणून प्रात्यक्षिकाचे मूल्यमापन करताना केवळ पडद्यावरील उत्तर पाहणे पुरेसे नाही. आज्ञावली कोणत्या मर्यादेपर्यंत विश्वसनीय आहे, हे विद्यार्थ्याने लिहावे आणि अध्यापकाने विचारावे.