काटा एकवर, आवाज कुठवर?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर जिल्ह्यातली किल्लारी हादरली. त्यानंतर संदेश पोचवण्याच्या कामात हॅम रेडिओवालेही उतरले होते. अशा प्रसंगी दोन खांबांत ताणलेली तार हाच अँटेना, आणि ती जमली का हे पाहायला हॅमची नजर आधी जाते एसडब्ल्यूआर मीटरकडे. काटा १ वर आला की जीव भांड्यात पडतो. फसगत होते ती इथेच.

मीटरला अँटेना दिसतच नाही. केबलवर जिथे ते जोडलेलं असतं, त्या एकाच जागी ते व्होल्टेज आणि करंटचे नमुने घेतं, त्यातून पुढे जाणारी आणि परतणारी लहर वेगळी काढतं आणि त्यावरून आकडा मांडतं. १ म्हणजे तिथून पुढचं सगळं मिळून ५० ओहम भासतंय, एवढंच. ५० ओहमचा डमी लोड जोडला तरी काटा १ वरच. आवाज मात्र शेजारच्या गल्लीतही पोचायचा नाही. लातूरच्या अडतीवर काटा पोत्याचं वजन सांगतो, सोयाबीन किती ओलं ते नाही, तसंच हे.

आता गंमत पाहा. ७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे १० मीटर उंचीचा उभा अँटेना लावला. जमीन आदर्श असेल तर तो साधारण ३६ ओहम दाखवतो, म्हणजे एसडब्ल्यूआर १.४. खाली मोजक्याच तारा पसरल्या आणि जमिनीतली हानी १४ ओहमची झाली, तर बेरीज ५० आणि काटा १ वर! पण २८ टक्के शक्ती मातीत गेली. आणखी तारा पुरल्या की अँटेना सुधारतो आणि काटा चढतो. नवखा घाबरून त्या तारा उपटायला निघतो.

केबलही काटा खाली आणते. निम्मी शक्ती खाणाऱ्या जुनाट केबलचं छतावरचं टोक अगदी तुटलेलं असलं, तरी खाली मीटर ३ च दाखवतं. म्हणून जमेल तेव्हा मीटर वर, अँटेनापाशी लावावं.

लहर कोणत्या कोनात निघते, हेही मीटरला कळत नाही. लातूर-नांदेड सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटर. उभा अँटेना लहर क्षितिजालगत दूर फेकतो, त्यामुळे नांदेड मधल्या मुक्या पट्ट्यात सापडू शकतं. चार-पाच मीटरवर आडवी ताणलेली तार तीच लहर थेट वर पाठवते आणि दिवसा आयनांबरातून ती जवळपासच्या जिल्ह्यांत उतरते. तिचा एसडब्ल्यूआर १.८ असला, तरी नांदेडशी बोलायला मी तीच बांधेन.