चूक शोधायला कोड चालवावा लागत नाही

‘चूक पाह्याची तं चालवून पाह्य नं!’ वरूडच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये प्रॅक्टिकलच्या दिवसांत हा सल्ला हमखास कानावर येतो. संत्र्याच्या हिशेबाचा चार ओळींचा प्रोग्राम असेल तर त्याने भागतंही. पण अख्ख्या वर्गाच्या फायली तपासणारा प्रोग्राम लिहायला घेतला, की हाच सल्ला अंगाशी येतो. एखाद्याच्या कोडमध्ये न संपणारं लूप असतं. दुसऱ्याचा कोड कीबोर्डवरून क्रेटची संख्या येईल म्हणून वाट पाहत बसतो. तपासणी तिथेच अडकते. आणि त्या दोन्ही फायलींत कम्पाइलची एकही चूक नसते!

कम्पाइल करणं वेगळं, चालवणं वेगळं. हे कितीदा सांगायचं?

प्रोग्रामच्या आतूनच कम्पायलरला हाक मारता येते. जावामध्ये ही सोय डिसेंबर 2006 मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून आहे. ‘जावाएक्स.टूल्स’मधला ‘जावाकम्पायलर’ घ्यायचा आणि त्याला ‘डायग्नोस्टिककलेक्टर’ जोडायचा. प्रत्येक चुकीची ओळ, रकाना आणि संदेश हाती येतो. मुलाच्या कोडमधली एकही ओळ त्यासाठी चालवावी लागत नाही. पायथनमध्ये ‘कम्पाइल’ हे फंक्शन मजकूर तपासतं आणि रचना चुकली असेल तर ‘सिंटॅक्सएरर’ देतं. सी भाषेसाठी जीसीसीला ‘-एफसिंटॅक्स-ओन्ली’ हा पर्याय दिला, की तो तपासून थांबतो. चालवायची फाइल तयारच होत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘कंस मोजले की झालं.’ नाही. छापायच्या मजकुरातला, अवतरणातला कंसही त्या मोजणीत येतो.

‘जावा आहे, म्हणजे कम्पायलर आहेच.’ फक्त जेआरई असेल तर कम्पायलर मागितल्यावर ‘नल’ मिळतो, जेडीके लागतो.

‘दाखवली त्याच ओळीत चूक.’ बंद करणारा महिरपी कंस मध्येच राहून गेला, तर जावा अनेकदा फाइलच्या शेवटी तक्रार करतं.

‘सगळ्या भाषांत सारखंच पकडलं जातं.’ न घोषित केलेलं ‘दर’ हे नाव जावा कम्पाइल करतानाच अडवतं. पायथनमध्ये ते तपासणीतून सुटतं आणि ती ओळ चालल्यावरच उघडं पडतं.

‘एरर नाही, म्हणजे उत्तर बरोबर.’ 50 क्रेट, 600 रुपये दर, आणि गुणाकाराच्या जागी बेरीज. कम्पायलरची काहीच तक्रार नसते, आणि बिलावर 30,000 ऐवजी 650 रुपये छापले जातात.