घट कोणाच्या खाती? माहितीची कोठारे आणि भागीदारीचा करारनामा

धान्याच्या व्यापाऱ्यास कोठार म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पोत्यांची थप्पी भिंतीला भिडवून लावू नये, तळाशी लाकडी फळ्या घालाव्यात, दोन थप्प्यांमध्ये माणूस आडवा जाईल इतका बोळ सोडावा आणि छपराखालचे झरोके पावसाच्या झडीवाचून बंद करू नयेत, हे ज्ञान आपणांस वडिलांच्या पेढीवर बसूनच मिळालेले आहे. धान्य निर्जीव दिसले तरी ते श्वास घेते. ओल राहिली की तापते. तापले की त्यास बुरशी धरते आणि जीवोत्पत्ती होते. पुढचे पाप सभासद बंधूंस सांगावयास नको.

आज दुसऱ्याच एका प्रकारची कोठारे जगभर उभी राहात आहेत. त्यांस डेटा सेंटर म्हणतात. त्यांत पोत्यांच्या जागी संगणकांच्या उंच मांडण्या असतात, आणि नवल असे की त्यांचेही सारे दुखणे उष्णतेचेच आहे. संगणकास दिलेली वीज अखेरीस उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणून तेथेही मांडण्यांमध्ये बोळ सोडतात. एका बोळातून थंड हवा आत जाते, दुसऱ्यातून तापलेली बाहेर येते, आणि दोहोंची गाठ पडू देत नाहीत. हे आम्ही प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस आमच्या वखारीचीच आठवण झाली.

हा विषय आपल्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. आपली रोजकीर्द आता दुकानात राहते असे कोणास वाटत असेल तर तो भ्रम होय. जी.एस.टी.चे विवरणपत्र, मालमोटारीबरोबर जाणारे ई-वे बिल, गिऱ्हाईकाने फोनवरून पाठविलेले पैसे, हे सारे कोठल्या तरी अशा कोठारात जाऊन बसते. बाजार समितीतील सौदासुद्धा त्यातून सुटलेला नाही. कर्नाटक सरकार आणि एनसीडीईएक्स स्पॉट एक्स्चेंज यांनी २०१४ मध्ये निम्म्या-निम्म्या भागीदारीने राष्ट्रीय ई-मार्केट सर्व्हिसेस ही कंपनी काढली आणि राज्यातील बाजार समित्यांचे लिलाव संगणकावर आणले. तेव्हा माहितीच्या कोठाराचा खर्च आपणही भरतो. फक्त तो आपल्या खतावणीत वेगळ्या नावाने दिसत नाही.

आता खर्चाचे गणित. या धंद्यात पी.यू.ई. नावाचे एक माप आहे. ‘ग्रीन ग्रिड’ या, प्रतिस्पर्धी कंपन्यांनीच एकत्र येऊन स्थापन केलेल्या संघाने ते २००७ मध्ये रूढ केले. कोठारात आलेल्या एकूण विजेस संगणकांनी प्रत्यक्ष वापरलेल्या विजेने भागावे, म्हणजे हा आकडा येतो. तो १ आला तर घट शून्य, १.५ आला तर संगणकांस लागणाऱ्या शंभर युनिटांमागे थंडावा, दिवे व इतर सरंजाम यांपायी आणखी पन्नास युनिटे गेली. आपल्या भाषेत सांगावयाचे तर हा त्या धंद्यातला कडता आहे. अपटाईम इन्स्टिट्यूटच्या २०२४ मधील पाहणीत जगभराची सरासरी १.५६ निघाली, गूगलसारख्या कंपनीने आपल्या कोठारांत तो १.१ च्या आसपास आणला आहे.

शंभर मेगावॅट संगणकांच्या एका कोठाराचा हिशेब करू. १.६ च्या कोठारास १६० मेगावॅट लागतील, १.३ च्या कोठारास १३०. फरक ३० मेगावॅटचा. चोवीस तासांत ती ७ लाख २० हजार युनिटे झाली. युनिटास सात रुपये धरले तर दिवसास ५० लाख ४० हजार रुपये! आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगातील एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज या कोठारांनी वापरली, आणि २०३० पर्यंत त्यांची गरज दुपटीहून अधिक होईल. त्यामुळे येथे वाचणारे प्रत्येक युनिट मोलाचे आहे.

एवढ्या मोठ्या कामास एकाची पेढी पुरत नाही. एकापाशी जमीन, दुसऱ्यापाशी भांडवल, तिसऱ्यापाशी विद्या, चौथ्यापाशी वीज. म्हणून हा धंदा बहुतांशी भागीदारीवर चालतो. २०१६ मध्ये सिंगापूरच्या एसटी टेलिमीडियाने टाटा कम्युनिकेशन्सच्या भारतातील डेटा सेंटर व्यवसायाचा ७४ टक्के हिस्सा घेतला, टाटांनी २६ टक्के राखला. २०२१ मध्ये अदानी एंटरप्रायझेस आणि अमेरिकेची एजकॉनेक्स यांनी निम्मी-निम्मी भागीदारी केली. ब्रुकफील्ड व डिजिटल रियल्टी यांच्या जोडीत २०२३ मध्ये रिलायन्स शिरली आणि तिघांचे हिस्से समान झाले. त्यांचे पहिले कोठार २०२४ मध्ये चेन्नईस उघडले. आपल्या महाराष्ट्रात ऐरोली, रबाळे, महापे आणि पनवेल या पट्ट्यात अशा इमारती रांगेने उभ्या आहेत, कारण समुद्राखालून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्यास लागतात.

भागीदारीचे महत्त्व आपल्या समाजास नवे नाही. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी वडिलार्जित कापूस आणि सावकारी सोडून लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर बार्शी लाईट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला तेव्हा एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचा अनुभव यांचीच सांगड होती. पुढे १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदींसह सिंदिया कंपनी आणि १९४० मध्ये म्हैसूर सरकारसह बंगळूरचा विमान कारखाना निघाला, त्याचे मूळ त्या पहिल्या भागीदारीत आहे.

तथापि भागीदारी गोड असते ती करारनाम्याच्या पहिल्या पानावर. कडूपणा शेवटच्या कलमांत असतो. आमच्यावरच गुदरलेला प्रसंग सांगतो. तीसएक वर्षांमागे आम्ही एका व्यापाऱ्याबरोबर एक वखार भाड्याने घेतली. भाडे निम्मे, हमाली निम्मी, राखणदाराचा पगार निम्मा, सारे कलमवार लिहिले. घटीसंबंधी मात्र ‘परस्पर समजुतीने’ एवढेच दोन शब्द घातले. त्या पावसाळ्यात झरोक्यांचे पत्रे गंजून बसले. दुरुस्ती कोणी करावयाची? मालक म्हणे, माल तुमचा. भागीदार म्हणे, त्या बाजूस तुमची थप्पी. आम्ही म्हणालो, वखार तर दोघांची. या वादात श्रावण गेला. थप्पी फोडली तेव्हा आतला शाळू हातास चटका लागेल इतका तापलेला आणि सोंडेकिड्यांनी वळवळणारा निघाला. चाळीसवर पोती ना विकता आली, ना गुरांपुढे टाकता आली. पैशांचे दुःख विसरलो. परंतु त्या वर्षीच्या संवत्सरीस क्षमापना करताना त्या असंख्य जीवांचा उच्चार मनात केला, तो आजही आठवतो. झरोक्यांच्या दुरुस्तीचा खर्च दीडशे-दोनशे रुपयांचा होता.

डेटा सेंटरच्या भागीदारीत नेमका हाच पेच आहे. इमारत बांधणारा एक, संगणक ठेवणारा दुसरा. विजेचे बिल बहुधा ठेवणाऱ्याकडून वसूल होते. मग बांधणाऱ्याने उत्तम शीतयंत्रणेसाठी जादा पैसा का घालावा? आणि ठेवणारा म्हणतो, इमारत माझी नव्हे, मी कशास घालू? दोघेही आपापल्या जागी बरोबर आणि दरम्यान वीज जळते आहे. म्हणून आमचे मत असे की विजेची खरी बचत यंत्राच्या अगोदर करारनाम्यात होते. अमुक आकड्यापेक्षा पी.यू.ई. वाढला तर जादा युनिटे बांधणाऱ्याच्या नावे, आणि खाली आणला तर वाचलेल्या रकमेत त्याचा वाटा, असे एक कलम घातले की झरोके आपोआप उघडतात.

सिंगापूरने हे काम सरकारी हुकुमाने केले. तेथील हवा वर्षभर दमट व उष्ण, जमीन तुटपुंजी. २०१९ पासून त्यांनी नव्या कोठारांस परवानगी देणे थांबविले. २०२२ मध्ये पुन्हा अर्ज मागविताना आकडा १.३ च्या वर जाता कामा नये अशी अट घातली. आणि २०२३ मध्ये चार प्रस्ताव निवडले, त्यांत एक दोन कंपन्यांच्या जोडीचा होता. दुसरा मार्ग औदार्याचा. फेसबुकने २०११ मध्ये आपल्या ओरेगॉनमधील कोठाराचे आराखडे सर्वांस खुले केले आणि इंटेलसारख्या कंपन्यांना घेऊन ओपन कॉम्प्युट नावाचे मंडळ काढले. आपला भाव शेजारच्या दुकानदारास न सांगणाऱ्या आम्हां लोकांस हे चमत्कारिक वाटते खरे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. स्वच्छ वीज घेणे वेगळे, कमी वीज वापरणे वेगळे. अ‍ॅमेझॉनने धाराशिव जिल्ह्यात १९८ मेगावॅटचा पवनऊर्जा प्रकल्प २०२३ मध्ये जाहीर केला, तो अप्रावा एनर्जी या कंपनीच्या साहाय्याने. आमच्या बेळगाव जिल्ह्यातही सौंदत्तीजवळ ग्रीनको कंपनीने बाराशे मेगावॅटहून मोठा उदंचन प्रकल्प उभारणीस घेतला. वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी वर चढवावयाचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज घ्यावयाची. ही कामे स्तुत्य होत. परंतु वाऱ्याची वीज घेतली म्हणून उधळपट्टीचे पुण्य होत नाही. गाळलेले पाणीसुद्धा आपण जपूनच सांडतो.

पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. पाण्याच्या बाष्पीभवनाने थंडावा घेतला तर वीज वाचते, परंतु पाणी जाते. म्हणजे एका खात्यातील घट दुसऱ्या खात्यात ढकलली. वेदगंगेचे पात्र एप्रिल-मे महिन्यांत ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी नुसता पी.यू.ई. विचारून थांबू नये. पाण्याचा आकडाही मागावा.

आणि ज्यांची करारावर सही नसते त्यांचे काय? टाटांची जलविद्युत कंपनी १९१० मध्ये निघाली, संस्थानिकांनी भांडवल घातले, १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. देशी भागीदारीचे ते भूषणच होते. परंतु मुळशीच्या धरणात ज्यांच्या जमिनी बुडावयाच्या होत्या त्या मावळ्यांस करारात जागा नव्हती, आणि १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. सेनापती बापट तुरुंगात गेले. ती घट कोणत्या खात्यावर लिहिली गेली, हे मुळशीकरांस विचारावे.

आपल्या भागात असे कोठार येईल काय? कर्नाटक सरकारच्या २०२२ च्या डेटा सेंटर धोरणात बंगळूरबाहेरील जिल्ह्यांस सवलती ठेवल्या आहेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर. येथील रात्री थंड, त्यामुळे वर्षातील पुष्कळ तास बाहेरच्या हवेवर काम भागू शकेल. परदेशी भागीदार या रस्त्यावर येत नाहीत असेही नाही. निपाणीहून बेळगावास येताना संकेश्वर सोडले की हत्तरगी लागते. तेथे एकस कंपनीने कॅनडाची मॅगेलन, फ्रान्सची ओबेर अँ दुवाल अशांशी भागीदारी करून विमानांचे सुटे भाग घडविले आहेत.

आमच्या मनात एक विचार घोळतो. तरुण मंडळींनी हसू नये. स्टॉकहोम शहरात अशा कोठारांची उष्णता विकत घेऊन घरे उबदार ठेवतात. आम्हांस उबेची गरज नाही. परंतु ऐन दिवाळीच्या तोंडावर भिजका सोयाबीन व मका आवारात येतो, ओलाव्यापायी शेतकऱ्यास भाव मिळत नाही आणि आम्हांस माल ठेवता येत नाही. कोठारातून निघणारी कोमट, कोरडी हवा धान्य वाळविण्यास चालेल काय, हे येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तपासून पाहावे.

आमच्या चिरंजीवांनी गेल्या वर्षी पेढीचे हिशेब एका कंपनीच्या कोठारात ठेवावयास दिले. करारपत्र बावीस पानांचे होते. आम्ही चष्मा लावून ते सगळे वाचले आणि कंपनीस एक पत्र धाडले: आपल्या कोठाराचा पी.यू.ई. किती, पाणी किती लागते, आणि घट कोणाच्या खाती धरता? पत्रास चार महिने झाले. दर महिन्याचे बिल मात्र वेळेवर येते.