मुखातील गाठ आणि तिचे नाव

भाषेच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या प्रांतात पाऊल टाकावे, हे काहीसे धाडसाचे वाटेल. तथापि रोगास मिळणारे नाव हा भाषेचाच विषय होय. आणि कित्येकदा रुग्णाची पुढील वाट त्या नावावरच ठरते.

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन वनजिल्ह्यांत झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी, बंगाली अशा अनेक भाषा कानी पडतात. त्या सर्वांत ‘खर्रा’ हा शब्द ओळखीचा आहे. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेल्या या मिश्रणाचा प्रसार एवढा आहे की, मुखात काहीही उद्भवले तरी त्याचे कारण खर्रा असे मानले जाते. हा तर्क बहुधा रास्तही असतो. तोंड पुरेसे न उघडणे, पांढरे चट्टे पडणे, कडक काठांचा व्रण होणे, ही त्या व्यसनाची परिचित फळे आहेत. परंतु ‘बहुधा’ म्हणजे ‘सर्वदा’ नव्हे.

मुखाच्या आवरणत्वचेत उद्भवणारा कर्करोग निराळा आणि लिम्फोमा निराळा. रोगांशी झुंजणाऱ्या लसीकापेशींची अनिर्बंध वाढ म्हणजे लिम्फोमा. संस्कृत वैद्यकात गाठीस ‘अर्बुद’ म्हणत. त्यावरून यास ‘लसीकार्बुद’ म्हणता येईल. मान, काख व जांघ येथील ग्रंथींत तो विशेषेकरून दिसतो. तथापि टॉन्सिल, टाळू, हिरडी, जिभेचे मूळ व जबड्याचे हाड येथेही तो प्रकट होऊ शकतो. १९५८ साली डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाने युगांडातील बालकांच्या जबड्यांत वाढणाऱ्या अशाच अर्बुदाचे वर्णन केले. १९६४ साली त्या अर्बुदाच्या पेशींत एक विषाणू आढळला. त्या बालकांच्या रोगाशी तंबाखूचा संबंध नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे.

मुखातील लिम्फोमाची लक्षणे फसवी असतात. टाळूवर वा हिरडीवर मऊसर सूज येते आणि ती पुष्कळदा दुखत नाही. हिरडीचा विकार नसताना दाढ हलू लागते. क्वचित खालचा ओठ बधिर होतो. दाढ काढली जाते, पण जखम भरत नाही. मग व्यसनी मनुष्य म्हणतो, “हे खर्ऱ्याचेच”, निर्व्यसनी म्हणतो, “मी खर्रा खात नाही, मला काय होणार?” दोघांच्या तोंडी शब्द एकच, आणि त्या एका शब्दापायी दोघांचेही महिने वाया जातात.

हा विलंब महागात पडतो. मुखाच्या नेहमीच्या कर्करोगात शस्त्रक्रिया हा प्रमुख उपाय. लिम्फोमात मुख्य भिस्त औषधांवर व प्रसंगी किरणोपचारांवर असते. त्याचे कित्येक प्रकार पूर्ण बरे होतात. म्हणून गाठीचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याखेरीज, आणि पेशींचा प्रकार ओळखण्याच्या विशेष चाचण्या केल्याखेरीज, तिला कोणतेही नाव देऊ नये. नुसत्या दृष्टीस दोन्ही रोग सारखेच भासू शकतात.

सारांश, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, न ओसरणारी सूज, किंवा कारणावाचून हलणारी दाढ यांस घरगुती नाव देऊन स्वस्थ बसू नये. खर्रा सोडावा, हे तर खरेच. पण तो सोडल्याने वा कधीच न खाल्ल्याने तपासणीची गरज संपत नाही. नाव आधी व परीक्षा मागाहून, हा क्रम भाषेत चालतो. देहाच्या बाबतीत तो उलटाच असला पाहिजे.