ठिसूळ इपॉक्सीला चिवट करणारं रबर

सोलापूरची कडक भाकरी वाकवायला जा, वाकणार नाही; कडकन मोडेल. सेट झालेल्या इपॉक्सीचंही तेच. रेझिनमध्ये हार्डनर पडला की रेणूंचं दाट जाळं तयार होतं. ताकद येते, चिकटपणा टिकतो, रसायनांनाही ते सहसा दाद देत नाही. पण एकदा बारीक तडा गेला की तो सुसाट धावतो.

त्यावर तोड निघाली १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेत. एमआयटीतले फ्रेडरिक मॅकगॅरी आणि सहकाऱ्यांनी इपॉक्सीत सीटीबीएन हे द्रवरूप रबर मिसळलं. शंभर भाग रेझिनला साधारण पाच ते पंधरा भाग रबर पुरतं. सुरुवातीला मिश्रण पारदर्शक असतं. जाळं विणलं जाऊ लागलं की रबर त्यात विरघळेनासं होतं आणि सूक्ष्म कणांच्या रूपानं बाहेर पडतं. साच्यातला तुकडा डोळ्यांदेखत दुधाळ होतो. कण मायक्रॉनभर आकाराचे; रबराच्या रेणूंची टोकं मात्र इपॉक्सीशी रासायनिक बंधानं जोडलेली.

तडा जवळ आला की हे कण आतून फाटतात, पोकळ्या होतात. भोवतालच्या इपॉक्सीवरचा ताण सैल होऊन ती मोडण्याऐवजी जागच्या जागी घसरते, ओढली जाते. तड्याची ऊर्जा तिथेच खर्ची पडते. तडा पुढे सरकायला लागणारी ऊर्जा दहापट किंवा त्याहूनही वाढू शकते. किंमतही मोजावी लागते: ताठपणा थोडा घटतो, आणि काही रबर विरघळलेलंच राहिलं तर उष्णता सोसण्याची क्षमताही उतरते. जाळं फारच दाट असेल तर इपॉक्सीला ओढलं जायला वाव नसतो. मग रबराचा लाभही तुटपुंजा.

महाराष्ट्रात या विषयावर अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत काम झालं आहे. सीटीबीएनमधले दुहेरी बंध हवा आणि उष्णतेनं कालांतरानं खराब होतात. म्हणून देबदत्त रत्न आणि सहकाऱ्यांनी असे बंध नसलेलं अ‍ॅक्रिलेटवर आधारित द्रवरूप रबर वापरून पाहिलं.

सोलापूर विद्यापीठात पॉलिमर केमिस्ट्री शिकणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. कणांचा आकार ठरतो तो रबर किती घातलं यावर आणि मिश्रण कोणत्या तापमानाला सेट झालं यावरही. मे महिन्यातल्या चाळीस अंशांत आणि डिसेंबरच्या थंडीत ओतलेले नमुने सारखे निघतीलच असं नाही. वहीत प्रमाणाशेजारी तापमानही लिहा.