मुलांच्या भावनांना शब्द देताना

मूल धावता धावता पडते, गुडघा खरचटतो, ते रडू लागते. घरातील वडीलधारी मंडळी जमिनीला चापट मारतात आणि "काही नाही झालं, मुंगी मेली!" असे म्हणून त्यास उचलून घेतात. यामागील माया खरीच असते. परंतु मुलास लागलेले असते, ते घाबरलेलेही असते; आणि ज्यांच्यावर त्याचा सर्वाधिक विश्वास, तेच त्यास काही झाले नाही असे सांगत असतात. पुढे मैत्रिणींनी खेळात घेतले नाही, गुण कमी पडले, तरी "त्यात काय एवढं?" हेच उत्तर मिळत गेले, की मूल हळूहळू सांगणेच सोडून देते. भावना मात्र नाहीशी होत नाही. ती शाळेच्या वेळी दुखणाऱ्या पोटातून किंवा धाकट्या भावंडाला काढलेल्या चिमट्यातून बाहेर पडते.

श्रीमद्भगवद्गीतेचा पहिला अध्याय 'अर्जुनविषादयोग' या नावाने ओळखला जातो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. तेथे अर्जुन प्रथम आपल्या देहाविषयी बोलतो. तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, गांडीव हातातून निसटत आहे. अठ्ठाविसाव्या श्लोकापासून तो बोलू लागतो आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत भगवंत मध्ये एक शब्दही बोलत नाहीत. उपदेश नंतर येतो. लहान मुलांची भीतीही आधी शरीरातच उतरते. म्हणून "तुला भीती वाटते का?" या प्रश्नापेक्षा "पोटात कसं होतंय?" या प्रश्नाला पाच वर्षांचे मूल लवकर उत्तर देते.

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या कुटुंबांपुढे आणखी एक अडचण आहे. मूल शिकते इंग्रजीत, खेळते हिंदीत वा गुजरातीत, आणि मनाच्या प्रत्येक अवस्थेला 'मूड ऑफ' हा एकच शब्द वापरते. आपल्या आजीच्या बोलण्यात मात्र हिरमुसणे, रुसणे, खट्टू होणे, ओशाळणे, भांबावणे, धास्तावणे, हुरहूर लागणे असे कितीतरी शब्द असत. हा केवळ भाषावैभवाचा प्रश्न नव्हे. रुसलेल्याला समजूत हवी असते, ओशाळलेल्याला थोडा वेळ एकटे सोडावे लागते आणि धास्तावलेल्याला सोबत लागते. शब्द चुकला की उपायही चुकतो. अर्थात रडणाऱ्या मुलाने मराठीतच उत्तर द्यावे, असा आग्रह त्या क्षणी धरू नये!

भावनेला नाव दिल्याने तिचा जोर कमी होतो, यास शास्त्रीय आधारही आहे. मॅथ्यू लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रातील चेहऱ्यावरील भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतील भयाशी निगडित भागाची चलबिचल कमी झालेली आढळली. हा प्रयोग प्रौढांवर झाला होता. तथापि घरोघरीचा अनुभव याहून वेगळा नाही. बालमानसतज्ज्ञ हाइम गिनॉट यांनी 1965 सालच्या आपल्या पुस्तकात केलेला भेदही लक्षात ठेवण्याजोगा आहे: भावना सर्व मान्य कराव्यात, वर्तनाला मात्र मर्यादा घालावी. "तुला दादाचा राग आला, हे कळलं. पण मारायचं नाही." एवढे पुरते.

समोर बसवून "बोल, काय झालं?" असे विचारल्यास चौकशीचा भास होतो. मटार सोलताना, केसांना तेल लावताना, स्कूटरवरून जाताना मुले आपणहून बोलतात. आणि त्यांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट हळदीकुंकवाला जमलेल्या मंडळींत गंमत म्हणून सांगू नये. एकदा हसे झाले, की ते दार पुष्कळ दिवस उघडत नाही.

एखाद्या नातेवाइकाजवळ वा परिचिताजवळ जाण्यास मूल टाळाटाळ करीत असेल, तर संस्कारांच्या नावाखाली त्यास बळेच पुढे ढकलू नये. कारण एकांतात, शांतपणे विचारावे. नको असलेल्या स्पर्शाविषयी मूल काही बोलले, तर "असं बोलू नये" हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नयेत. त्याच्यावर विश्वास ठेवावा, त्याची चूक नाही हे त्यास सांगावे. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांस देणे बंधनकारक आहे. मुलांसाठी 1098 हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध असतो. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी केंद्र शासनाने 2022 मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक 14416 असा आहे.