ब्राउझर चार, इंजिन एकच

न्यू जर्सीत चार मराठी घरं जेवायला एकत्र आली की गप्पा ग्रीन कार्ड, मुलांची कॉलेजं आणि गुडघेदुखी अशा क्रमाने जातात. अलीकडे त्यात एक विषय वाढलाय. ‘ताई, तू कॉम्प्युटरवाली ना? मग सांग, कुठला ब्राउझर वापरायचा?’ वेबसाइट तपासणं हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येणं रास्तच. एक जण क्रोमवाला, दुसरा ऑफिसमुळे एजवाला, कुणाच्या मुलाने ब्रेव्ह टाकून दिलेला, आणि एखादा ऑपेराचा जुना भक्त. वाद चांगला रंगतो. मला गंमत याची वाटते, की हे चौघंही आतून एकच वस्तू वापरत असतात.

प्रत्येक ब्राउझरच्या पोटात एक इंजिन असतं. संकेतस्थळावरून आलेला मजकूर आणि चित्रं पडद्यावर कशी मांडायची, ते हे इंजिन ठरवतं. क्रोमच्या इंजिनाचं नाव ब्लिंक. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन सोडून तीच वाट धरली, मायक्रोसॉफ्टच्या एजने जानेवारी २०२० मध्ये. ब्रेव्ह तर जन्मापासून त्याच घरचा. वेगळे उरले दोनच मोठे: ॲपलचा सफारी आणि मोझिलाचा फायरफॉक्स. त्यातही इथल्या आयफोनवर तुम्ही क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स, आत इंजिन ॲपलचंच असतं.

‘मग काय बिघडलं? चालतंय ना सगळं?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी किंवा त्यानंतर लगेच जे परदेशात आले, त्यांना मी फक्त एक आठवण करून देते. तेव्हा मराठी वर्तमानपत्रांच्या साइट युनिकोडमध्ये नव्हत्या. ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. तो फॉन्ट पानाबरोबर आपोआप यावा यासाठी मायक्रोसॉफ्टची एक पद्धत होती आणि नेटस्केपची दुसरी. साइटवाल्यांनी फक्त पहिलीची सोय केली असेल, तर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ठळक बातमी दिसायची आणि दुसरीकडे रोमन अक्षरं आणि चिन्हांची रांगोळी. गावाकडची बातमी वाचायची तर ब्राउझर निवडायचा प्रश्नच नव्हता. तो आधीच कुणीतरी निवडून ठेवलेला.

पुढे जवळजवळ सगळं जगच एक्सप्लोररवर आलं. मायक्रोसॉफ्टने सहावी आवृत्ती २००१ मध्ये काढली आणि सातवी थेट २००६ मध्ये. पाच वर्षं! शर्यतीत दुसरं कुणी नसेल तर धावायचं कशाला? नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स आला, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. त्याच्यासाठी ‘पद्मा’ नावाचं एक एक्स्टेन्शन निघालं होतं, जे भारतीय भाषांतल्या जुन्या फॉन्टची पानं युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. बाहेरच्या माणसाला इंजिनाशी असं खेळता आलं, म्हणून हे जमलं.

आता पुन्हा तेच दिसतंय. आमच्या कामात पूर्वी प्रत्येक पान चार-पाच ब्राउझरमध्ये तपासायचं असा दंडक होता. आता मीटिंगमध्ये ऐकू येतं, ‘क्रोममध्ये दिसतंय ना? मग सोडा.’ गेल्या वर्षी भारतातला एक ऑनलाइन अर्ज भरताना शेवटच्या पानावरचं बटण फायरफॉक्समध्ये दाबलंच जाईना. मदतकेंद्राचं उत्तर एका ओळीचं: क्रोम वापरा.

कोर्टकचेऱ्याही जुन्याच वळणाच्या. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. सफारीत गुगलच सर्च राहावं म्हणून ॲपलला एका २०२२ सालात वीस अब्ज डॉलर मिळाल्याचं त्या खटल्यात पुढे आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र क्रोम विकायला लावायला त्यांनी नकार दिला. आणि आमचा फायरफॉक्स? त्याच्या मोझिलाचं बहुतेक उत्पन्नही गुगलकडूनच येतं. म्हणजे विरोधी पक्षाचं भाडं सत्ताधारीच भरतोय. तरी मी त्याच्याच बाजूची.

कारण तत्त्वाचं आहे, तसं घरातलंही. बाबा सांगलीला एकटे असतात. दिवसभर फोनवर बातम्या वाचतात. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, इथे दाबा’ अशी जाहिरात आली की लगेच मला फोन. इथे रात्रीचे दोन वाजलेले असोत. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकता येत नाहीत. कॉम्प्युटरवरच्या क्रोमनेही नियम बदलले, त्यामुळे जाहिराती अडवणारं मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथे चालेनासं झालं. त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते, पण तिचे हात बांधलेले. फायरफॉक्सवर, अगदी फोनवरसुद्धा, मूळचं चालतं. ते टाकल्यापासून बाबांचे मध्यरात्रीचे फोन बंद झाले. (हे मी वर्तमानपत्राच्याच पानावर लिहितेय याची जाणीव आहे. जाहिरातींवर वर्तमानपत्र चालतं, आणि आवडत्या साइटपुरतं ते यूब्लॉक बंद ठेवता येतं. बाबांच्या दोन पेपरांसाठी मी तसंच केलंय.)

बदलायला वेळ लागत नाही. बुकमार्क आणि पासवर्ड क्रोममधून आणता येतात. बँकेची एखादी साइट अडली तर तेवढ्यापुरता क्रोम असू द्यावा, काढून टाकायची गरज नाही. फायरफॉक्सचे मेनू मराठीतही मिळतात. बाबांना ते दाखवले, तर म्हणाले, ‘भाषा राहू दे गं, आधी अक्षर मोठं कर.’